‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की…’ : पोलीस चौकशीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पोलीस ठाण्यात नोंदवलेला जवळजवळ प्रत्येक जबाब एकाच साच्यात सुरू होतो: ‘मी समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’. संपतोही एकाच साच्यात: ‘माझा वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे.’ पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करताना मी असे शेकडो कागद वाचले आहेत. ज्याने मोकळेपणाने सगळं सांगितलं त्याच्या जबाबाखाली हे वाक्य असतं आणि ज्याला रात्रभर बाकावर बसवून ठेवलं त्याच्याही जबाबाखाली हेच असतं. त्यामुळे जबाब स्वेच्छेने दिला का, हे या वाक्यावरून कधीच ठरत नाही. ते आजूबाजूच्या साध्या गोष्टींवरून ठरतं. तुम्ही किती वाजता आत गेलात, कोणत्या कागदावरून गेलात, किती वेळ बसलात, घरच्यांना कधी कळलं, न्यायाधीशांसमोर पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हा काय बोललात. आणि नेमक्या याच गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही.

हा लेख लातूर, बीड, नांदेडहून येऊन सदाशिव पेठेत खोली घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, हिंजवडीत पहिली नोकरी धरलेल्यांसाठी आहे, आणि सोसायटीत चोरी झाली म्हणून ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा साक्षीदार व्हावं लागतंय त्यांच्यासाठीही. एक गोष्ट आधीच सांगते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. तत्त्वं बरीचशी तीच आहेत, कलमांचे आकडे बदललेत. मी नवे आकडे देतेय. गरज पडेल तिथे ‘संहिता’ आणि ‘साक्ष अधिनियम’ एवढंच म्हणेन.

पहिली पायरी: फोन आला तर

‘फलाण्या ठाण्यातून बोलतोय, उद्या सकाळी येऊन जा.’ असा फोन आला की पोटात गोळा येतो. घाबरून ‘हो हो, येतो’ म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा आणि लिहून घ्या: बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, ठाणं कोणतं, गुन्हा रजिस्टर नंबर काय, आणि मला साक्षीदार म्हणून बोलावताय की संशयित म्हणून. नम्रपणे विचारा. ‘साहेब, मी येतोच, फक्त लेखी नोटीस द्या’ हे वाक्य म्हणायला कुणाचीही हरकत असायचं कारण नाही.

साक्षीदाराला बोलवायचं तर संहितेच्या कलम १७९ नुसार लेखी आदेश लागतो, आणि तो अधिकार त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसापुरता असतो. महिला, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या जागेवरून हलवता येत नाही. पोलिसांनी तिथे जाऊन विचारायचं असतं. त्यांची स्वतःची तयारी असेल तरच ते ठाण्यात जाऊ शकतात. हॉस्टेलच्या कितीतरी मुलींना हे माहीत नसतं. संध्याकाळी एकट्याच जाऊन बसतात.

संशय तुमच्यावर असेल पण अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. ती आली तर जायचंच. नोटीस पाळत राहिलात तर अटक टळते. अटक करायचीच झाली तर अधिकाऱ्याला त्याची कारणं लिहावी लागतात. नोटीस टाळलीत तर मात्र तेच अटकेचं कारण होऊ शकतं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही’ म्हणतो, तर फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. डिजिटल अटक नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही. पुण्यातल्या निवृत्त, शिकलेल्या माणसांनी या भीतीपोटी आयुष्याची पुंजी घालवली आहे.

ठाणं कोणतं हेही नीट समजून घ्या. पेरूगेटची चौकी विश्रामबाग ठाण्याची आहे. चौकीवर बोलावलं तरी कागदावर नाव ठाण्याचं असतं. हिंजवडी, वाकड हा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे, पुणे शहराकडे नाही. गुन्हे शाखेची युनिटं आणखी वेगळी असतात. तक्रार किंवा अर्ज करायची वेळ आली तर तो कुठे द्यायचा हे यावरच ठरतं.

दुसरी पायरी: निघण्याआधी

एका विश्वासाच्या माणसाला सांगून जा. नुसतं तोंडी नको, मेसेज करा: ‘११:१० ला ठाण्यात पोचतोय, अमुक साहेबांनी बोलावलंय.’ बाहेर पडल्यावर पुन्हा एक. हे दोन मेसेज पुढे सोन्याच्या मोलाचे ठरू शकतात, कारण त्यांवर वेळ आपोआप पडलेली असते. ते खोडू नका. कोर्टात दाखवायची वेळ आली तर त्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील बघतील.

नोटिशीची प्रत, ओळखपत्र आणि रोजची औषधं जवळ ठेवा. संशयित म्हणून बोलावलं असेल तर आधी वकिलाशी बोला. वकील परवडत नाही म्हणून कुणी एकटं जाऊ नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारातच आहे. मेट्रोच्या जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून जाता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, अपंग व्यक्ती, कामगार आणि कोठडीत असलेला कुणीही यांना मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

तिसरी पायरी: ठाण्यात पाऊल टाकल्यावर

घड्याळ बघा. आत गेल्याची वेळ, प्रश्न सुरू झाल्याची वेळ, मध्ये जेवायला सोडलं का, पाणी मिळालं का, फोन काढून घेतला का आणि किती वाजता, हे सगळं लक्षात ठेवा आणि बाहेर आल्याबरोबर त्याच रात्री कागदावर उतरवा. मोबाइल जमा करून घेतला तर पावती मागा.

ठाण्यात सीसीटीव्ही असतात. परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या प्रवेशद्वारावर, कोठडीत, मार्गिकांत, अधिकाऱ्यांच्या खोल्यांत आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं. हे कॅमेरे तुमचे साक्षीदार आहेत, आणि नीट काम करणाऱ्या अधिकाऱ्याचेही. खोट्या आरोपापासून त्याला तेच वाचवतात. पण त्या चित्रणासाठी तुम्ही वेळेवर लेखी मागणी केली पाहिजे. अर्जाचा मसुदा लेखाच्या शेवटी दिला आहे.

चौथी पायरी: प्रश्न सुरू झाले

कलम १८० म्हणतं की विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची, मात्र ज्या उत्तराने तुमच्यावरच गुन्ह्याचा आरोप येऊ शकतो ते उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. यामागे राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) आहे: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण कोर्टाच्या पिंजऱ्यापुरतं नसून ठाण्यातल्या खुर्चीवरही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात सांगितलं. सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या आणि त्यांनी पोलिसांची लेखी प्रश्नावली सोडवायला नकार दिला होता.

हा हक्क वापरायचा कसा? अरेरावी न करता. ‘साहेब, या प्रश्नाच्या उत्तराने माझ्यावर आरोप येऊ शकतो, म्हणून हे उत्तर मी वकिलांशी बोलल्याशिवाय देणार नाही. बाकी विचारा, सांगतो.’ एवढं पुरे. खोटं मात्र सांगू नका. गप्प बसणं हक्क आहे, खोटं सांगणं नाही. खरंच आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाजाने तारीख ठोकून दिली की तीच पुढे उलटतपासात तुमच्या गळ्यात येते.

आता दबाव कशाला म्हणायचं ते. संहितेचं कलम १८२ पोलिसांना आमिष, धमकी किंवा वचन द्यायला मनाई करतं. साक्ष अधिनियमाचं कलम २२ सांगतं की आमिष, धमकी, जबरदस्ती किंवा वचन यांमुळे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. पुस्तकात हे शब्द कोरडे वाटतात. प्रत्यक्षात ते असे कानावर पडतात:

‘कबूल करून टाक, उद्याच्या उद्या जामीन होतो बघ.’
‘नाहीतर तुझ्या धाकट्या भावाला उचलून आणतो.’
‘गावाकडे आईला फोन लावू का? तिलाच विचारू.’
‘एमपीएससी करतोस ना? चारित्र्य पडताळणीत काय येईल, ठाऊक आहे का?’

यातलं शेवटचं वाक्य मी पुण्यात सगळ्यात जास्त ऐकलंय, आणि माझ्या मते तेच सगळ्यात घातक आहे. चार वर्षं एका खोलीत सहा जणांनी राहून, मेसचा डबा खाऊन अभ्यास केलेल्या मुलाला काठी दाखवावी लागत नाही. त्या एका वाक्याने तो मोडतो. ‘मला मारलं नाही, मग दबाव कसला?’ असं तो स्वतःच म्हणतो. मारहाण झाली नाही म्हणजे जबाब स्वेच्छेचा झाला, असं नाही. अधिकार हाती असलेल्या माणसाने खटल्याच्या संदर्भात फायद्याची आशा किंवा तोट्याची भीती दाखवली आणि ती तुम्हाला खरी वाटण्याजोगी होती, एवढं पुरतं. ‘देवाला स्मरून खरं सांग’ ही विनवणी यात बसत नाही, कारण कायदा ऐहिक फायद्या-तोट्याबद्दल बोलतो.

फसवणुकीचं मात्र वेगळं आहे, आणि इथे अनेकजण चुकतात. ‘तुझ्या मित्राने सगळं सांगितलंय’ ही थाप असली, किंवा ‘हे तुझ्या-माझ्यातच राहील’ असं वचन असलं, तर केवळ तेवढ्या कारणाने कबुली बाद होत नाही. कलम २२ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, तसं लिहिलं आहे. म्हणून मित्राने काय सांगितलं याच्या नादी लागू नका.

‘तुला माफीचा साक्षीदार करतो’ हेही वचन ठाण्यात मिळतं. १९७६-७७ चं जोशी-अभ्यंकर खूनसत्र पुण्यात अजून लोकांच्या बोलण्यात येतं. त्या खटल्यात आरोपींपैकीच एकजण माफीचा साक्षीदार झाला होता, म्हणजे माफीच्या बदल्यात त्याने साथीदारांविरुद्ध साक्ष दिली. पण माफी देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, संहितेच्या कलम ३४३ प्रमाणे. पोलीस अधिकारी ती देऊ शकत नाही. त्याने दिलेलं वचन कोर्टाला बांधत नाही.

‘लाय डिटेक्टरला तयार आहेस ना? काही लपवायचं नसेल तर घाबरतोस कशाला?’ या प्रश्नावर लगेच मान हलवू नका. सेल्वी खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की नार्को, पॉलिग्राफ (लाय डिटेक्टर) किंवा मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, आणि ही संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. बोटांचे ठसे, हस्ताक्षर, आवाजाचा नमुना यांचं तसं नाही. ते देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं न्यायालयांनी मानलं आहे. मोबाइलच्या पासवर्डबद्दल उच्च न्यायालयांत मतभेद आहेत, म्हणून तो मागितला तर मागणी लेखी द्यायला सांगा आणि वकिलाला विचारा.

पाचवी पायरी: सही

सगळ्यात सोपी आणि सगळ्यांना धक्का देणारी गोष्ट ही आहे: तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर, तो लिहून घेतला असला तरी, सांगणाऱ्याची सही घ्यायची नसते. संहितेच्या कलम १८१ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. तो जबाब खटल्यात प्रामुख्याने साक्षीदाराच्या आधीच्या आणि नंतरच्या सांगण्यातला फरक दाखवायला वापरला जातो. तो स्वतः पुरावा नसतो.

फिर्यादीचं उलट आहे. तुम्ही स्वतः तक्रार द्यायला गेलात तर ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे, तुम्ही सही केली पाहिजे आणि एक प्रत मोफत मिळाली पाहिजे. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतातच. तेव्हा सही करण्याआधी एकच विचारा: ‘साहेब, हा कागद काय आहे? फिर्याद, जबाब की पंचनामा?’

कोऱ्या कागदावर सही नाही. अर्धवट भरलेल्या छापील कागदावर नाही. वाचायला दिलं नाही तर नाही. तरीही सही करावीच लागली, तर सहीखाली स्वतःच्या अक्षरात तारीख आणि वेळ घाला, आणि जे खरं असेल ते लिहा: ‘मजकूर वाचायला दिला नाही’, ‘वकील भेटले नाहीत’. वेळ तर प्रत्येक सहीखाली घालावीच. मी माझ्या अशिलांना हे एवढ्यांदा सांगते की त्यांना कंटाळा येतो, पण तारखेखाली ‘रात्री २:४०’ लिहिलेला एक कागद अनेक तोंडी साक्षींपेक्षा जास्त बोलतो. मराठी वाचता येत नसेल तर तुम्हाला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवायला सांगा.

सहावी पायरी: ‘निवेदन पंचनामा’ समजून घ्या

पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम २३ तसं सांगतं. कोठडीत असताना तिसऱ्याच माणसासमोर दिलेली कबुलीसुद्धा न्यायदंडाधिकारी प्रत्यक्ष हजर असल्याशिवाय चालत नाही. पण याच कलमात एक परंतुक आहे आणि महाराष्ट्रातले कित्येक खटले त्यावरच उभे असतात.

समजा कोठडीतला मुलगा दोन पंचांसमोर म्हणतो, ‘मी चोरलेली मोटरसायकल खडकवासल्याजवळ झुडपात ठेवली आहे, चला दाखवतो.’ हे लिहून घेतात तो निवेदन पंचनामा. मग गाडी तिथे मिळते. आता कोर्ट काय वाचेल? गाडी सापडायला जेवढं बोलणं थेट कारण झालं तेवढंच: ‘मोटरसायकल झुडपात ठेवली आहे, दाखवतो.’ ‘मी चोरलेली’ हा शब्द गळून पडतो. हा नियम १९४६ च्या पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाने, घालून दिला आणि आजही तोच चालतो. तिथे उदाहरण घराच्या छपरात लपवलेल्या सुरीचं होतं: सुरी दाखवणं चालेल, ‘तिनेच भोसकलं’ हे चालणार नाही.

आणखी एक. हे परंतुकही सक्तीला मुभा देत नाही. १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने काठी कालू ओघड खटल्यात म्हटलं की माहिती सक्तीने काढून घेतली असेल तर अनुच्छेद २०(३) आड येतोच. म्हणून वस्तू सापडली तरी ‘ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं’ हा प्रश्न संपत नाही. तुम्हाला कुणी पंच म्हणून बोलावलं तर हेच लक्षात ठेवा: आरोपीने जे शब्द उच्चारले तेच लिहिले आहेत ना, आणि गाडी दाखवण्याआधी कुणी तिथे जाऊन आलं होतं का.

सातवी पायरी: अटक झाली तर

अटकेची कारणं लेखी आणि तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, सर्वोच्च न्यायालयाचा आग्रह आता तसा आहे. अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची साक्षीची सही हवी. तुम्ही सांगाल त्या व्यक्तीला कळवलं पाहिजे. चौकशीदरम्यान पसंतीच्या वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवता येत नाही. हे कलम ३८. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवाद वगळता अटक करता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं.

तुम्ही दुपारी १२ ला ठाण्यात गेलात आणि कागदावर अटक रात्री ११ ला दाखवली, तर मधले अकरा तास कुठे गेले? ‘चौकशीकामी थांबवलं होतं’ असं उत्तर येतं. त्याच अकरा तासांत कबुली निघाली असेल, तर स्वेच्छेचा सगळा वाद तिथेच आहे. दुसऱ्या पायरीतला तो मेसेज इथे कामाला येतो.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, पुण्यात बहुधा ससूनमध्ये. रांग असते, पोलीस शेजारी उभे असतात, डॉक्टर घाईत असतात. तरी डॉक्टरांना सांगा: कुठे दुखतंय, खूण कुठे आहे, कधीची आहे. खुणा वाळतात, रंग बदलतात. त्या दिवशीची नोंद परत करता येत नाही.

आठवी पायरी: न्यायाधीशांसमोरचा अर्धा मिनिट

पहिल्या रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडीत ठेवायचं का हे ठरताना, न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ कोर्टात गर्दी असते, आधीच्या प्रकरणाचे वकील अजून बोलत असतात, आरोपीच्या मागे त्याला घेऊन आलेला शिपाई उभा असतो. तीन शब्दांत उत्तर संपतं: ‘नाही, काही नाही.’ आणि कागदावर उमटतं की आरोपीची तक्रार नाही.

माझ्याकडे एक मुलगा होता, मंगळवार पेठेत राहणारा, पुरता विशीतलाही नव्हता. त्याला तीन दिवस पट्ट्याने मारलं होतं, असं त्याने मला नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी कोर्टात तो ‘नाही’ म्हणाला होता, कारण पुन्हा त्याच कोठडीत परत जायचं होतं आणि त्याला ते माहीत होतं. दहा दिवसांनी मी अर्ज दिला. तेव्हा विचारलं गेलं की त्या दिवशी का नाही सांगितलं. प्रश्न रास्त होता. उत्तरही रास्त होतं, पण त्याला पुरावा नव्हता. त्याच्या आईला मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. ती माझ्याकडे बघत होती ते आठवतं.

म्हणून बोला. मोठ्याने, स्पष्ट, क्रमाने: कोणी, कधी, कशाने, कशासाठी. ‘माझी वैद्यकीय तपासणी पुन्हा करा आणि मला पोलीस कोठडीत पाठवू नका’ अशी मागणी करा. वकील रिमांडच्या आधी दोन मिनिटं भेटले तर हेच आधी त्यांना सांगा. पीसीआर (पोलीस कोठडी) किती दिवस मिळेल याची चर्चा नंतर. सगळे न्यायदंडाधिकारी सारखे ऐकतात असं मी म्हणणार नाही, पण मी असेही पाहिलेत ज्यांनी मुलाला जवळ बोलावलं, शर्ट वर करायला सांगितलं आणि अंगावरच्या खुणा स्वतः लिहून घेतल्या.

नववी पायरी: कबुली द्यायचीच असेल तर

काही माणसांना खरंच सांगायचं असतं. मनावरचं ओझं उतरवायचं असतं. कायदा त्यांना अडवत नाही. कलम १८२ असंही सांगतं की स्वतःहून बोलणाऱ्याला पोलिसांनी रोखू नये. पण ती जागा ठाणं नाही. जागा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरची आहे, कलम १८३ प्रमाणे.

तिथे न्यायदंडाधिकारी तुम्हाला सांगतात की तुम्ही कबुली द्यायला बांधील नाही, आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. पोलिसांना खोलीबाहेर काढतात. कुणी मारलं का, कुणी काही वचन दिलं का, कोणत्या कोठडीतून आलात, हे विचारतात. विचार करायला वेळ देतात. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरवण सिंग खटल्यात निदान २४ तास द्यावेत असं सुचवलं होतं. वकील हजर असताना दृकश्राव्य चित्रणही करता येतं. शेवटी तुमची सही होते, आणि त्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांना स्वतःच्या सहीने लिहावं लागतं की ही कबुली स्वेच्छेने दिली असं मला वाटतं.

ऐनवेळी ‘मला नाही द्यायची’ म्हणालात तर? मग कलम १८३ नुसार तुम्हाला पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. हे वाक्य ऐकल्यावर कोठडीतल्या माणसाचा चेहरा बदलतो. ही माहिती कबुलीच्या आधी त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे, नंतर नाही. दिलेली कबुली पुढे फिरवता येते. ती फिरवली की न्यायालयं सहसा तिला दुजोरा देणारा स्वतंत्र पुरावा शोधतात.

अपवाद, थोडक्यात पण नीट

मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लागला असेल तर वर सांगितलेलं बरंच बदलतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या या कायद्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर, शहरात म्हणजे उपायुक्तासमोर, दिलेली कबुली पुराव्यात चालते, सहआरोपीविरुद्धही. ती मोकळ्या वातावरणात, बोलणाऱ्याच्या भाषेत नोंदवायची असते आणि मग त्याला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न्यायचं असतं. तिथे छळाची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी होते. पुण्यात टोळ्यांवर मोक्का वारंवार लागतो, त्यात टोळीच्या कडेकडेने वावरणारी पोरंही सापडतात. अशा प्रकरणात वकिलाशिवाय एक शब्दही नको.

ईडी आणि सीमाशुल्क अधिकारी कायद्याच्या नजरेत पोलीस नाहीत, त्यांच्यासमोरचे जबाब सहीचे असतात आणि वापरले जातात. अमली पदार्थविरोधी कायद्याखालचे अधिकारी मात्र पोलीसच, असं २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात ठरलं. १८ वर्षांखालचं मूल असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही. प्रकरण येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे जातं. आणि दुकानमालकाने किंवा कंपनीने खोलीत बसवून लिहून घेतलेल्या कबुलीला पोलिसांवरची बंदी लागू नसते, पण न्यायालयं तिच्याकडे सावधपणे बघतात. तिथेही सहीखाली वेळ घाला.

मारहाण झाली असेल तर

कबुली काढण्यासाठी दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा. तक्रार कॅम्पातल्या पोलीस आयुक्तालयात देता येते, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे, राज्य मानवी हक्क आयोगाकडे, किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पण या सगळ्याच्या आधी, त्याच आठवड्यात, हा एक कागद द्या. दोन प्रती काढा:

‘प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ______ पोलीस ठाणे. विषय: सीसीटीव्ही चित्रण जतन करणेबाबत. महोदय, मला दि. ______ रोजी गु. र. नं. ______ संदर्भात चौकशीसाठी बोलावण्यात आले होते. मी ठाण्यात ______ वाजता आलो व ______ वाजता बाहेर पडलो. या कालावधीतील प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, मार्गिका व चौकशी कक्षाचे आवाजासह चित्रण सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २/१२/२०२० च्या आदेशानुसार जतन करावे, ते नष्ट होऊ देऊ नये, ही विनंती. आपला, ______.’

एक प्रत आवक विभागात द्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का मिळाला नाही तर त्याच दिवशी जवळच्या टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवा.